हळद लागलेला रुपया

भाजीवाल्या यमुनेनं दिलेली दहाची सुट्टी नाणी घरी येऊन पाहिली, तर त्यात जुन्या राजाचं तोंड असलेला चांदीचा रुपया! राजाच्या कानात हळद-कुंकू बसलेलं. तशीच उलट पावली यमुनेकडे गेले.

“अगं, देवातला रुपया गल्ल्यात कसा?”

यमुनेनं रुपया हातात घेऊन निरखला. “मावशी, सासूबाईंचे रुपये ते! नव्या सुनेनं आज देव घासायला काढले. हळदीनं पिवळे दिसले, दहाची नाणी समजून गल्ल्यात टाकले असतील.”

“बाकीचे कुठायत?”

“गेले की सकाळपासून गिऱ्हाइकांना!”

वर्षानुवर्षं पुजलेला रुपया कोथिंबिरीच्या जुडीपायी निघून जातो. त्याला स्वतःला काहीच वाटत नाही. बाजारातला जो तो खिशात हात घालून चालला होता, आणि आम्ही दोघी एकेकाच्या खिशाकडे बघत राहिलो.