निवडलेल्या तीन ओळी

सकाळी सव्वानऊला माणिकपूरच्या डायलिसिस केंद्रातून रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. "मॅडम, दोन मशीन बंद आहेत म्हणून काल तिघांना 'उद्या येऊ नका' असा मेसेज केला होता. ते तिघंही आलेत. आणि ज्यांची वाट बघतोय, त्यांचा पत्ता नाही."

पेशंटच्या यादीचा तो प्रोग्रॅम माझा होता. ओळीवर क्लिक केलं की ती निळी व्हायची आणि बटण दाबलं की निळ्या ओळींतल्या माणसांना मेसेज जायचा. आठवडाच झाला होता बसवून.

एव्हरशाईनला घराखालूनच रिक्षा पकडली. रिक्षावाल्याला दोनदा "जरा लवकर" म्हणाले. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्याने आरशातून असं बघितलं की मी रस्त्याकडे बघायला लागले.

"काल केलंत तसंच करून दाखवा, फक्त बटण दाबू नका," मी ताईंना म्हटलं. त्यांनी तीन नावं निवडली. "मग एक फोन आला. त्या पेशंटचं नाव सापडेना, म्हणून मी यादी नावाप्रमाणे लावून घेतली." त्यांनी वर क्लिक केलं. नावं सगळी हलली. निळा रंग मात्र होता तिथेच राहिला, चौथ्या, नवव्या आणि बाविसाव्या ओळीवर. तिथे आता भलतीच माणसं होती.

मी माणसं लक्षात ठेवलीच नव्हती, ओळींचे आकडे ठेवले होते. ओळी निवडल्यावर यादीचा क्रम बदलून बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

"मग मेसेज गेले कुणाला?" ताईंनी विचारलं.

पाठवलेल्या मेसेजची नोंद उघडली. ४, ९, २२. तिथेही आकडेच. सकाळपासून यादीत नवीन नावं चढली होती, त्यामुळे कालची चौथी ओळ कुणाची हे सांगणं शक्य नव्हतं.

आम्ही दोघींनी त्या दिवशीच्या, अजून न आलेल्या प्रत्येक पेशंटला फोन लावायला घेतले. दोघं सापडले, निघालोच म्हणाले. तिसरा फोन बंद होता. चंदनसारच्या एक आजी. "त्यांचं मागचं डायलिसिस होऊन आधीच दोन दिवस गेलेत," ताई म्हणाल्या, "आज चुकायला नको हो."

मला तिथे बसवेना. पत्ता घेतला आणि पुन्हा रिक्षात बसले.

आजी दारातच खुर्चीवर होत्या, पाय सुजलेले. सून म्हणाली, "चार्जर बिघडलाय, फोन बंदच आहे. पण मेसेज मी कालच वाचून दाखवला होता."

"चुकून आला तो, आजी. तुमचं आजच आहे. चला."

"कोनी पाठवला?"

"माझ्याच प्रोग्रॅमने."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आज मशीन नाही म्हनून कालपासनं पानी मोजून पितेय मी. घसा सुकून गेलाय," एवढंच म्हणाल्या आणि सुनेला पिशवी आणायला सांगितली. रिक्षात सून आजींच्या शेजारी, मी पुढे ड्रायव्हरच्या कडेला अंग चोरून. आजींचा श्वास मला मागून ऐकू येत होता. प्रत्येक खड्ड्याला मी मान वळवून बघत होते.

त्यांना मशीनवर घेतलं. चार तास लागणार होते. बाकावर बसून मी लॅपटॉप उघडला आणि निवड ओळीच्या आकड्याऐवजी पेशंटच्या नोंदणी क्रमांकावर नेली. नोंदीतही नाव आणि क्रमांक जाईल असं केलं. पाठवण्याआधी निवडलेल्यांची नावं समोर दाखवणारी चौकट घातली. काम दीड तासात झालं. उरलेला वेळ मी यादी उलटसुलट लावत बसले, पुन्हा निवडत, पुन्हा तपासत. दर वेळी बरोबर येत होतं आणि दर वेळी मला खोटं वाटत होतं. शेवटी ताईंनी कीबोर्ड ओढून घेतला. "आता मी बघते. तुम्ही चहा घ्या."

आजी बाहेर आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, दंडावर कापूस धरलेला. "परवा येऊ ना मी? का परत मेसेज?"

"या. मी स्वतः फोन करेन."

केलाही. त्यानंतर प्रत्येक डायलिसिसच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला करत राहिले. तिसऱ्या आठवड्यात सून जरा वैतागूनच म्हणाली, "ताई, आम्ही येतो हो बरोबर. नका आता करू फोन." फोन करणं बंद केलं. पण त्या वारांना अकरा वाजले की मी हातातलं काम सोडून उठते आणि घरभर फिरते.