वरून फळी, खालून नांगर

ये पोरी, जवळ सरक. पुण्यात बसून वाचून राहिली असशील, तरी सरक, मला मोठ्यानं लिहिता येत नाही. सहा महिने झाले, मोठीमाय जिवंत आहे का मेली, याची चौकशी नाही. आणि परवा पाठवलं काय, तर एका फळीचा फोटो! "मोठीमाय, नवीन घेतली, उभं राहून वल्हवायची. हिचं बूड पाहा किती वेगळं आहे." असं कोणी करते काय वं? आधी माणसाची खुशाली विचारावी, मग फळीची सांगावी.

पाहिलं मी बूड. फळी पालथी घालून काढलेला फोटो. खालून दोन लांब उंचवटे, मधून नाली, पुढचं नाक माशाच्या तोंडासारखं दुभंगलेलं, मागे दोन धारदार पाती. तू लिहिलंस की पाणी त्या नालीतून पळते म्हणून फळी डुलत नाही, एकाच बाजूनं वल्हं मारलं तरी सरळ जाते. माहीत आहे मला. अशी फळी मी तुझ्या आधी पाहिली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि आजही ती आठवली की डोक्यात तिडीक जाते. तू तेव्हा अमरावतीला होस्टेलात होतीस. तुझ्या मायनं तुला काही सांगितलं नसेल, ती कोणाला काहीच सांगत नाही. म्हणून मीच लिहिते. चौथीपर्यंतची शाळा माझी, बाकीचं वाचणं पुड्यांच्या कागदावर शिकलेलं. चुका काढत बसू नको.

आपलं तळं तुला आठवते ना? बार्शीटाकळीच्या अलीकडचं. भोयांची सात घरं, सात वाटे. बांबू रोवून, सुतळी ताणून पाण्याचे वाटे केलेले. आषाढात कंबरभर पाण्यात उतरून शिंगाड्याचा वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात रोवायचा. पानांची चकती वर तरंगते, शिंगाडे तिच्या पोटाखाली लागतात. चकती अलगद उचलायची, शिंगाडा तोडायचा, चकती होती तशी परत ठेवायची. वेल ओढला गेला तर खेळ खलास. म्हणून आपला डोंगा सपाट बुडाचा, पानांवरून सापासारखा सरकणारा.

तुझा बाप साप चावून गेला तेव्हा तू रांगत होतीस. तेव्हापासून काठाकडून तिसरा वाटा तुझ्या मायचा. दीर-भासरे म्हणायचे, बाई माणसाच्यानं काय होते. पण तिच्या वाट्याची चकती थाळीएवढी असायची. अकोल्याच्या बसस्टँडवर आम्ही दोघी उकडलेले शिंगाडे विकायचो, तर लोक तिची टोपली आधी हेरायचे. मी मोठी जाऊ असून!

आता नियम ऐक. ज्याच्या वाट्यातून मोसमात तीन तोडी निघाल्या नाहीत, त्याला पुढच्या आषाढात तो वाटा नाही. बाजूच्या घरानं घ्यायचा. बिनकाळजीचा वाटा असला की तिथं भुंगेरा माजतो आणि सगळं तळं खातो, म्हणून हा नियम. तुझ्या मायच्या बाजूचा वाटा कोणाचा? आमचा. हे ध्यानात ठेव.

बोंडअळीनं कापूस खाल्ला ते वर्ष. बोंडं उघडायची तर आत सरकी कमी अन् अळी जास्त. गावात रोज कोणी ना कोणी गाडी घेऊन यायचं, कोणी शेळ्या वाटायचं, कोणी शिलाई मशीन, कोणी नुसतं भाषण. पूरक धंदा करा म्हणायचे. तसाच एक साहेब आपल्या तळ्यावर आला, कोण्या संस्थेचा. गोरापान, गुडघ्यापर्यंतची चड्डी, नारिंगी जाकीट. जीपच्या टपावर ती फळी. म्हणे, अकोल्याचे लोक रविवारी इथं येतील, तुम्ही बायांनी त्यांना फळीवर फिरवायचं. हिचं बूड खास बनवलं आहे, नवीन माणूससुद्धा पडत नाही.

तुझे मोठेबाबा कानात म्हणाले, "लुगड्यात उभी राह्यशील काय वं फळीवर?"

"तुमी धोतर सोडून उभे राहा," म्हटलं, "मंग मी राह्यते."

तर तो आला तो दिवस नेमका पहिल्या तोडीचा. आणि आपल्याकडे पहिल्या तोडीला पाण्यात आधी पाहुणा जातो. पाहुणा नसला तर रस्त्यावरून जाणाऱ्याला हात करून आणायचं. माझे सासरे, म्हणजे तुझे आबाजी, डोंगा हाकणार, पाहुणा पुढे बसणार, एक मूठ शिंगाडे तोडून काठच्या दगडापाशी ठेवणार, मग आपण उतरणार. पाहुण्याला नाही म्हटलं तर तळं रुसते, असं मानतात. मीही मानायची.

साहेब म्हणाला, "आजोबा, डोंगा राहू द्या. मी माझ्या बोर्डवरच जातो. फोटो पण चांगले येतील."

आबाजींनी हातातला बांबू खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. आता पुढचं मी कोणालाच सांगितलं नाही, तुला सांगते. नवी वस्तू पाण्यात जायच्या आधी तिला हळदकुंकू लावतो, ते काम माझं होतं. मी फळी धुतली. बुडावरून हात फिरवला. ते दोन उंचवटे लागले, ती नाली लागली, मागच्या पात्यांनी बोटाला धार लागली. माझ्या हाताला तेव्हाच कळलं की वरून ही फळी आहे अन् खालून नांगर. पण तोंड उघडलं नाही. पाहुण्याच्या वस्तूला नाव कसं ठेवायचं!

तुझी माय मागून आली. हळूच म्हणाली, "बाई, हे माह्या वाट्यातून नका जाऊ देऊ. दुसरीकून न्या."

आणि मी काय म्हणाली सांगू? "चूप राह्य वं. पाहुणा हाय."

काठाचे दोन वाटे उशिरा लावलेले होते, तिथं अजून तोडण्यासारखं नव्हतं. म्हणून तो सरळ तिसऱ्यात घुसला. खोटं कशाला बोलू, उभा छान राहिला. फळी डुलली नाही की हलली नाही. पोट्टे टाळ्या पिटत होते. पण जी सरळ जाते ती वळत नाही ना बापा! वेलात गेल्यावर त्याला वळता येईना. तो वल्हं मारे, शेपूट आपटे, पाती वेलात रुतत, वेल गुंडाळत. मधल्या नालीत चकत्या कोंबल्या जात होत्या, चरकात ऊस जातो तशा. कसाबसा वळला, तर त्याच्यासोबतचा फोटोवाला ओरडला, "सर, एकदा परत!" परत गेला. मग आणखी एकदा. तीन फेऱ्या.

बाहेर आला तेव्हा मूठभर शिंगाडे दगडापाशी ठेवले, अगदी हात जोडून. मी म्हटलं, "साहेब, वेल तुटले हो." तर हसून म्हणतो, "काकू, पाण्यातली वनस्पती आहे, परत उगवेल की!"

परत उगवेल! पोरी, मी माणसाला शिव्या देणारी बाई नाही. पण त्या दिवशी तोंडाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या, त्या अजून पोटात आहेत. ज्यानं आयुष्यात कधी काही रोवलं नाही, तो मला सांगतो उगवेल म्हणून. आणि आपले बाप्पे, पुरुष माणसं? चहा पाजत होते त्याला! फळी तळ्यालाच भेट देऊन गेला. अकोल्याचे पाहुणे यायचे होते ते काही आले नाहीत. तो परत दिसला नाही.

आठ दिवसांत तुझ्या मायच्या वाट्याची पानं काळी पडली. पाण्याला वास सुटला. ती रोज उतरायची, तुटलेले वेल गोळा करून काठावर टाकायची. बाकीच्यांच्या पाच तोडी झाल्या. तिची एक, तीही अर्धी टोपली.

कार्तिक सरल्यावर निंबाखाली बैठक बसली. एक भासरे म्हणाले, "यंदा हिचा वेलच अशक्त होता." दुसरे म्हणाले, "भुंगेरा लागला असंन." म्हणजे पाहा, डोळ्यांनी पाहिलेलं लोक किती लवकर विसरतात, विसरण्यात फायदा असला की! मी उठली. झोपडीमागे टेकून ठेवलेली ती फळी ओढत आणली आणि सगळ्यांच्या मधोमध पालथी केली. नालीत अजून वेल अडकलेले होते, वाळून दोरखंड झालेले, त्यात बारके काळे शिंगाडे. पात्यांवर गुंडाळी.

"हा भुंगेरा पाहा," म्हटलं. "याले कुंकू म्या लावलं. हात म्या जोडले. वाटा घ्यायचा त माहा घ्या!"

 मग तुझे आबाजी खाली मान घालून म्हणाले, "सूनबाई, तू म्हणतं ते खरं हाय. पण नियम कारण इचारत नाही. आज हिच्यासाठी मोडला त उद्या कोणासाठी बी मोडा लागंन."

"मंग तीन फेऱ्या मारताना नियम कुठी झोपला होता?"

तुझे मोठेबाबा माझा पदर ओढत होते. वाटा आमच्याच घरात येणार होता ना! लाज वाटली मला त्या माणसाची. माझीही वाटली. तुझी माय उठली, "राहू द्या बाई," म्हणाली आणि घरी गेली.

त्या वर्षी कापूसच नव्हता तर वेचणी कुठली? गावात तिच्या हाताला काम नव्हतं. होळीच्या आधी तिनं पेटी भरली आणि मोर्शीकडे गेली, संत्र्याच्या बागेत, माल छाटायला, लहान-मोठी फळं वेगळी करायला. मी एसटीत तिची पेटी चढवून दिली. तिनं पायावर डोकं ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं.

आषाढात वाटा आमचा झाला. मोठेबाबा वेल घेऊन आले. मी म्हटलं, त्या पाण्यात एक वेल लागला तर या घरात चूल पेटणार नाही. ते चिडले, बायकोचं डोकं फिरलं म्हणून गावभर सांगत फिरले. फिरो बापडे. वाटा वर्षभर रिकामा ठेवला. मीच रोज गवत काढायची, म्हणजे भुंगेऱ्याचा बोभाटा नको. एक तोड नाही, अर्धी नाही. पुढच्या आषाढात बैठकीत मीच उभी राहिली. "आमच्या वाट्यातून तीन तोडी निघाल्या नाहीत," म्हटलं. "नियम कारण विचारत नाही. काढून घ्या आमच्याकडून. आणि आमच्या भिंतीला लागून घर धाकट्या जावेचंच आहे, तिला द्या." आबाजी उठले. मग त्यांनी तिसऱ्या वाट्याच्या सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं.

वाटा तिच्या नावावर परत आला, पोरी. पण ती आली नाही. दरवर्षी मीच रोवते, मीच तोडते, पोतं मोर्शीच्या गाडीत टाकते. तिचा निरोप येतो, "मिळालं." बस, एवढंच.

आता आबाजी थकले. बैठकीत भासऱ्यांचा आवाज वाढला आहे. मालकीण स्वतः पाण्यात उतरत नाही तर वाटा कशाला, म्हणतात. यंदाच्या आषाढात तिच्या पायानं वेल रोवला गेला नाही, तर तिसरा वाटा गेला. या वेळी माझ्याजवळ कोणती युक्ती उरली नाही. माझा शब्द तिला पोचत नाही, कारण त्या दिवशी तिला चूप बसवणारी मीच.

तुझा शब्द पोचेल. सुट्टी काढ, कशीही काढ. मोर्शीला उतर, मायचा हात धर, हवं तर मोठीमाय आजारी आहे म्हणून खोटं सांग. गुडघे तसेही दुखतातच माझे, पाप लागणार नाही. वेल मी निवडून ओले करून ठेवते. जेठ महिना सरायच्या आत दोघी या. लवकर या वं.