गुळाच्या गोदामातली एस्पेरांतो

आमच्या पॉडकास्टचे भाग झाले एकवीस. पण चहाला बसलं की धडे कुणीच विचारत नाही, सगळ्यांना मागच्या भानगडी हव्या असतात! आणि त्या काय कमी?

कोल्हापुरात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. माणसं तीन. पोवार सर, निवृत्त शिक्षक. जगातल्या सगळ्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली एस्पेरांतो ही भाषा ते नव्वदच्या दशकात पोस्टाने शिकले. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी बसवराज अण्णा, सरांचे जुने विद्यार्थी. आणि मी, कॉम्प्युटर क्लासवाली. नवशिक्यांसाठी इंटरनेटवर धडे ऐकवायचे, ही कल्पना सरांची.

*

पहिली हरकत अण्णांच्या आईची, अव्वांची.

"कुठल्या देशाची भाषा रं ही?"

"कुठल्याच न्हाय, अव्वा."

"मग बोलतं कोण?"

"आम्ही तिघं."

अव्वा म्हणाल्या, "तिघास्नी मराठी येत न्हाय व्हय?"

*

रेकॉर्डिंग अण्णांच्या गोदामात. तिथे पोत्यांमुळे आवाज घुमत नसे. सर तल्लीन होऊन 'शुभ सकाळ' शिकवत होते, तेवढ्यात दारातून हमाल ओरडला, "अण्णाऽऽ, मलकापूरचा ट्रक आलाय की वो!"

ते कापायचं राहून गेलं. आठवड्याने ब्राझीलहून मेल आली: "धडा उत्तम. शेवटचं वाक्य शब्दकोशात सापडलं नाही. पण त्या गृहस्थांचे उच्चार तुमच्यापेक्षा स्पष्ट आहेत!"

सर दोन दिवस हमालाशी बोलले नाहीत.

*

एस्पेरांतोत 'बोने' म्हणजे छान. अण्णा प्रत्येक धड्यात म्हणायचे, "बोने की!"

सर वैतागले. "अण्णा, ह्या भाषेत 'की' नाही."

"मग घाला की! 'की'बिगर माणूस भांडायचा कसा?"

पुढच्याच महिन्यात जपानच्या एका आजोबांनी लिहिलं, "तुमचा कार्यक्रम बोने की!"

*

एकदा माझा कॉम्प्युटर बिघडला, म्हणून नवा भाग नीट चढलाय का बघायला मी आणि अण्णा सायबर कॅफेत गेलो. अण्णांनी हेडफोन लावला आणि धड्याबरोबर खड्या आवाजात म्हणायला लागले. मालक धावत आला.

"ओ पावणं, मंत्रबिंत्र म्हणायचं असंल तर भाईर! सकाळधरनं नेट बंद पडतंय ते ह्यामुळंच व्हय?"

*

मग सरांना अर्धांगवायूचा झटका आला. चार दिवस डोळे मिटलेले, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीच्या आवाजात बोलत राहा. अण्णांनी गुळाच्या सौद्यातल्या बातम्या सांगितल्या, मी श्रोत्यांच्या मेल वाचून दाखवल्या. काही नाही. बाहेर व्हरांड्यात अण्णा भिंतीकडे तोंड करून रडले.

पाचव्या दिवशी दुपारी सरांच्या पत्नी, काकू, पलंगाशी बसल्या. एस्पेरांतोला त्या 'रिकामटेकडी भाषा' म्हणायच्या. "मी तुमचा एक भाग ऐकला असेल तर शपथ," हेही ठरलेलं.

काकू सरांच्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चू वी वोलास तेओ?"

चहा हवाय का?

आता, एस्पेरांतोत जे हवं असतं, त्या शब्दाच्या शेवटी 'न' लावावा लागतो. नवशिके हमखास विसरतात. काकूही विसरल्या.

सरांचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच.

"तेओन," सर म्हणाले.