कुंपणापाशी अडलेली प्रदक्षिणा

नवसावर माझा कधीच फारसा विश्वास नव्हता. देव मानत होतो, सकाळची पूजा चुकवत नव्हतो. पण देवापुढे अट घालायची आणि ती पुरी झाली की फेड करायची, हा व्यवहार मनाला पटत नसे. त्या वर्षी भाताची कापणी आटोपत आली आणि माझ्या पत्नीला विषमज्वर झाला. दाभोळहून होडीने खाडी ओलांडून आलेले डॉक्टर म्हणाले, "तिसरा आठवडा जपायला हवा. औषध देतो, पण यापुढचं माझ्या हातात नाही." तापाच्या ग्लानीत ती सारखे एकच बोलत होती, "देवीची प्रदक्षिणा राहिली." दर कार्तिकात सात दिवस सकाळी ती ग्रामदेवीच्या राईला प्रदक्षिणा घालत असे. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या वतीने मी घालतो. तू निजून राहा."

वाट लहानच, मैलभराची. देवळापासून निघून राईच्या कडेने चढायचे, वर कातळावर यायचे, पलीकडच्या उताराने शेतांच्या बांधांवर उतरायचे आणि पुन्हा देवळापाशी. त्या राईतली काटकीही कोणी उचलत नाही, त्यामुळे ऊन वर आले तरी आत अंधारलेलेच असते. नियम दोनच. देवी उजव्या हाताला ठेवायची, आणि एकदा निघाल्यावर मागे फिरायचे नाही. फिरले की प्रदक्षिणा मोडली. पहिले चार दिवस पाय वाटेवर होते, मन मात्र घरी तापाच्या आकड्यांत. सकाळी किती, रात्री किती, कालच्यापेक्षा किती चढला.

पाचव्या सकाळी उतार संपवून खाली आलो, तर वाट बंद. शेत माझ्या थोरल्या चुलतभावाचे, दादांचे. बांधावरच्या एका फणसावरून आमचे बिनसले होते आणि तीन वर्षे बोलणे नव्हते. त्यांनी कुळीथ पेरला होता, आणि गुरे शिरू नयेत म्हणून आदल्या दिवशीच छातीएवढे काट्यांचे कुंपण घातले होते. एरवी त्यात जाण्यायेण्यापुरती फट ठेवतात. त्या वर्षी ठेवलेली नव्हती. डावीकडे ओढ्याची खोल घळ, उजवीकडे राई; राईतून गेलो तर फेरा तुटतो. दुसऱ्याचे कुंपण न विचारता उपसणे मला जमणारे नव्हते. दादांचे घर हाकेच्या अंतरावर होते, ओटीवर वहिनी सूप घेऊन काही पाखडताना दिसत होत्या. पण तीन वर्षे न मारलेली हाक तोंडातून निघेना. मागे फिरावे, तर घरी गेल्यावर ती विचारणार, "झाली का?"

मी एका दगडावर बसलो. जन्मभर प्रत्येक अडचणीत पुढचा उपाय कोणता, याचा मी हिशेब मांडत आलो होतो. त्या दगडावर सगळे उपाय संपले. "आई, मला पुढे जाता येत नाही आणि मागेही. आता तूच बघ," असे मी म्हणालो. ते मागणेही नव्हते. थकून म्हणालो, इतकेच.

थोड्या वेळाने कुंपणापलीकडे दादांचे वासरू कुळीथ तुडवत उधळत आले, आणि त्याच्यामागे हातात दावे घेऊन दादा.

"अरे, तू इथे काय करतोस?"

"हिच्या वतीने प्रदक्षिणा घालतोय. मागे फिरता येत नाही."

दादांनी कुंपणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मग काय, कुळीथ काढेपर्यंत बसून राहणार होतास? हाक मारायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही ओ दिली असतीत?"

 दादा नुसत्या हातांनी काटे ओढू लागले. मीही अलीकडून ओढू लागलो. मधेच खाली मान घालून त्यांनी विचारले, "आज ताप किती आहे?" आजाराचे त्यांना ठाऊक असेल, असे मला वाटले नव्हते. आकडा अगदी पाठ होता; सांगितला आणि काटे ओढत राहिलो. वासरू तिथेच कुळीथ खात होते. त्याच्याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. वाट झाल्यावर दादा म्हणाले, "चल," आणि देवळापर्यंत माझ्यासोबत आले.

ताप डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीतच उतरला. तो प्रदक्षिणेने उतरला, असे मी म्हणणार नाही. पुढे माघात ही हिंडूफिरू लागली, तेव्हा वहिनींनी तिला हळूच सांगितले, "भावोजी दगडावर बसलेले मला ओटीवरून दिसले. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, बसू दे. म्हणून मी वासरूच सोडलं!" ही मला ते सांगताना हसू आवरेना. मीही पुष्कळ हसलो. मग मनात आले, वासरू वहिनींनी सोडले हे ठीक. पण त्याच वेळी त्यांना ती बुद्धी कोणी दिली? हा हिशेब मला लागत नाही, आणि लागलाच पाहिजे हा हट्टही आता उरला नाही.

यंदा कार्तिकात आम्ही दोघे निघालो. हिचे पाय अजून लवकर थकतात, म्हणून सावकाश चाललो. उतार संपला तिथे कुंपण होते, आणि त्यात दोन माणसे शेजारी शेजारी जातील एवढी फट. गुरे शिरतात म्हणून दादा कुरकुरतात, पण बुजवत नाहीत. ही तिथे थांबली आणि तिने हात जोडले. राईकडे जोडले की दादांच्या ओटीकडे, ते मी विचारले नाही. मीही जोडले.