अवताराचं दहावं बोट

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत सुरक्षेचं प्रशिक्षण यापुढे आभासी जगात होणार, असं साहेबांनी जाहीर केलं. डोळ्यांवर जाडजूड गॉगल चढवला की समोर आपल्याच प्लांटची प्रतिकृती दिसायची. तिथं फिरायला प्रत्येकाला एक अवतार, आणि तो ज्याचा त्यानं बनवायचा.

मी पाऊण तास घेतला. त्यातला बहुतेक वेळ केसांवर गेला. खरे फारसे उरले नव्हते, म्हणून निवड सढळ हातानं केली. पोट मात्र एका बटणात गेलं. साहेबांनी स्वतःला अर्धा फूट उंच करून घेतलं आणि प्रत्येक अवताराच्या खांद्यावर हात ठेवून चौकशी करत फिरू लागले. एरवी खऱ्या प्लांटमध्ये फिरायला आले तर निम्म्या लोकांची नावं मला विचारायचे.

पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर आमचे एक चाचा होते. दिघीहून यायचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी पांढरी दाढी निवडली, जाड चष्मा निवडला. मग उजवा हात पुढे करून शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "मॅडम, ह्यातलं एक बोट कमी कुठून करायचं?"

त्यांचं मधलं बोट याच कंपनीत, प्रेसखाली गेलं होतं. बाईंनी बरंच शोधलं. टोप्या होत्या, टॅटू होते, शेपट्यासुद्धा होत्या. बोट कमी करायची सोय नव्हती.

साहेब म्हणाले, "राहू द्या की चाचा, फुकटात परत मिळालंय." सगळे हसले. मीही हसलो.

चाचा शांतपणे म्हणाले, "मग हा मी न्हाई, साहेब. ह्याला प्रेसची भीती कशी वाटंल?"

प्रशिक्षण पुढे सरकलं. आभासी प्लांटमधल्या प्रत्येक प्रेसला पिवळीधमक संरक्षक जाळी होती. चाचांच्या खऱ्या प्रेसची जाळी काही महिने स्टोअरमध्ये पडून होती. तिच्यामुळे माल हळू निघतो म्हणून ती काढायला लावणारा सुपरवायझर मीच. सगळ्यांना सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर अवताराचा फोटो. माझा छान आला होता.

दुपारी चाचांनी प्रेस सुरूच केली नाही. हाताची घडी घालून उभे राहिले. नुसते माझ्याकडे बघत होते. शेवटी मी स्टोअरमधून जाळी आणली, धूळ झटकली आणि आम्ही दोघांनी ती बसवली.

त्या शिफ्टला माल कमी निघाला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा मशीन दुरुस्तीला होती, असं मी सांगितलं.