दीड लिटरची आंघोळ

माझी मुलगी समुद्रावर राहते आणि तिला आंघोळीला पाणी नव्हतं. हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच वाटलं आपण काहीतरी उलटं बोललो. वाशिमकडच्या मालेगावच्या कडेला आमचं चार एकर बागायती वावर आहे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात काकडी. समुद्र आम्ही नवरा-बायकोनं एकदाच पाहिलेला, तोही सहलीच्या गाडीतून उतरून, चपला हातात धरून, अर्धा तास. समुद्राबद्दल बोलायचा आम्हाला काडीचा अधिकार नव्हता. उत्सुकता मात्र मला पोटभर होती.

मुलगी पुण्यात नोकरी करायची. तिथंच तिनं कोकणातल्या एका मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि दोघांनी मिळून एक जुनी शिडाची बोट घेतली. एका खाडीत ती नांगरून ठेवलेली असते. दोघं तिच्यातच राहतात, तिच्यातच बसून कॉम्प्युटरवर नोकरी करतात. लग्न तिच्या बाबांनी पचवलं. जावई मासे खातो, आपलं बोलणं त्याला अर्धंच कळतं, हेही पचवलं. बोट मात्र घशात अडकली. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी बाप मुलाच्या घरी जातो, चहा पितो, आणि मग हात धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन येतो. पाणी कुठून येतं, विहिरीला उन्हाळ्यात किती राहतं, न्हाणीला दार आहे का, हे सगळं तो एका फेरीत पाहून घेतो. माझ्या वडिलांनी तसं पाहिलं होतं. यांना ते पाहायला मिळालंच नाही. बोट घेतल्याचं कळलं त्या दिवसापासून हे मुलीशी बोलले नाहीत, आणि त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा तेव्हा आम्ही ओट्यावर दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधत असायचो. हात ओले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून विटेला टेकवलेला. हे समोरच बसलेले. ती ऐकायची, हे ऐकायचे, बोलायची मी एकटी. मधल्या माणसाचं काम वाईट, दोन्हीकडचा राग त्याच्याच डोक्यावर निघतो. मला भीती एकच होती, की हे असंच चालत राहील आणि आम्हाला त्याची सवय होईल.

दसरा झाल्यावर एका संध्याकाळी ती म्हणाली, बोटीतला शॉवर बंद पडला. मी म्हटलं, मग बादलीनं घे. त्यावर तिनं जे सांगितलं ते मला नवंच होतं. बोटीतली न्हाणी बोटीच्या पोटात असते, म्हणजे समुद्राच्या पाण्यापेक्षा खाली. अंगावरून ओघळलेलं पाणी आपोआप बाहेर जाणार कसं? ते खाली एका खड्ड्यात साचतं आणि एक छोटा पंप ते उपसून वर, बाहेर फेकतो. तो पंप जळाला होता. सामान बाहेरगावाहून मागवलं होतं, कधी येईल त्याचा पत्ता नव्हता. आत आंघोळ केली तर पाणी बोटीतच राहणार.

यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहत, पण फोनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात हे म्हणाले, “विचार तिले, मोरी जर समुद्राच्या खाली आहे, तं समुद्राचं पानी मोरीतून वर काहून येत नाई?”

सव्वा वर्षातलं ते पहिलं वाक्य. मग तिनं सावकाश, विहिरीवरच्या फुटबॉलसारखा तिथंही एक व्हॉल्व्ह असतो, पाणी बाहेर जातं पण आत येत नाही, असं समजावलं. फुटबॉल म्हटल्यावर यांची मान हलली. मोटारीच्या पाइपाला खाली लावतात तो फूट-व्हॉल्व्ह, आमच्याकडचा फुटबॉल, यांच्या रोजच्या भांडणातला. “हं,” म्हणाले आणि पुन्हा जुड्या बांधायला लागले.

त्या दिवसापासून ‘विचार तिले’ सुरू झालं. विचार तिले, गोडं पानी किती राह्यते? दोनशे लिटरची टाकी, किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून, छोट्या होडीतून वल्हवत आणायचं, प्यायला, स्वयंपाकाला आणि सगळ्यालाच तेवढंच. विचार तिले, खाऱ्या पान्यानं आंग धुतलं तं काय होते? साबण फेसाळत नाही आणि वाळल्यावर अंग चिकट होऊन खाजतं. यांनी मान हलवून ‘काखेत कळसा’ एवढंच म्हटलं. तिकडून उत्तर आलं की कळसा खारट आहे. हे उत्तर मी पुन्हा सांगायची गरज नव्हती, पण नियमाप्रमाणे सांगितलं.

आता आंघोळ बोटीच्या वर, उघड्यावर करायची म्हणजे आडोसा नाही. मासेमारीच्या होड्या जवळून जातात. ती अंधार पडायची वाट पाहायची आणि मग खाडीच्या वाऱ्यानं कुडकुडायची. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. चार भिंतींच्या न्हाणीत आणि होस्टेलात वाढलेली ही पोर, हिला कपड्यात आंघोळ करता येत नाही. मी लहानपणी नदीवर बायकांमध्ये शिकले. परकर छातीशी बांधायचा, पाणी आतून सोडायचं, साबण आतून फिरवायचा, कोरडं लुगडं ओल्यावरून गुंडाळायचं आणि मग खालचं ओलं सोडून द्यायचं. भर दुपारी, भर घाटावर, कोणाला टाच सोडून काही दिसत नाही. फोनवर हे सांगता येईना, म्हणून मी ओट्यावर उभी राहून साडीवरून परकर बांधून व्हिडिओत करून दाखवलं. हे तोंड फिरवून बसले, पण खांदे हलत होते.

साबणाचं कोडं मात्र माझ्या डोक्यातून जाईना. समुद्राचं पाणी इथं कुठून आणू? तिनं सांगितलेल्या हिशेबानं मी दहा लिटरच्या बादलीत पाव किलोच्या वर जाडं मीठ विरघळवलं आणि गोठ्यामागं घेऊन बसले. अंगाचा साबण घासला तर पाण्यावर दह्यासारखे कण, फेस नाहीच. कपड्याच्या वडीचंही तेच. भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाकले आणि बघते तर फेसच फेस. रिठ्याचं पाणीही बऱ्यापैकी फेसाळलं. मला केवढा आनंद झाला! मग पुढची परीक्षा म्हणून दोन्ही हात खारट पाण्यानं धुऊन उन्हात वाळवले. वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटायला लागली. तेवढ्यात मागं बांधलेल्या गाईनं मान लांब करून माझा कोपरापासून मनगटापर्यंत अख्खा हात चाटून काढला. तिची जीभ म्हणजे खडबडीत पोतेरंच. मीठ निघालं, पण हा उपाय बोटीवर चालण्यातला नव्हता.

संध्याकाळी मी निकाल कळवला. खाऱ्या पाण्यात पातळ साबण लावून सगळं अंग धुवायचं, आणि गोडं पाणी फक्त शेवटी, मीठ उतरवायला. ती म्हणाली, तेच तर कठीण आहे, तांब्यानं घेतलं तर चार-पाच लिटर सहज जातात, अर्धं अंगावर न थांबता निघून जातं. हे ऐकत होते. सकाळीच यांनी वांग्यावर फवारणी केली होती, आणि बहुतेक तेच डोक्यात होतं.

“तिले म्हना,” हे म्हणाले, “झाडाले आपन तांब्यानं औषध देतो काय? फवारतो. तसंच करायचं.”

तिला कल्पना इतकी आवडली, की ती तिथल्या तिथं म्हणाली, किनाऱ्यावरच्या आंब्याच्या बागवाल्याकडे एक जुना फवारणीचा पंप पडून आहे, तोच घासून-पुसून उद्यापासून वापरते.

हे ताडकन उठले. जुड्या मांडीवरून खाली पडल्या. ओल्या हातानं फोन उचलून तोंडाशी धरला आणि पहिल्यांदा मला मध्ये न घेता बोलले.

“त्याले हात लावू नको. आयकून राह्यली ना? औषधाचा पंप सात पान्यानं धुतला तरी तो औषधाचाच राह्यते. तन-गवताचं औषध मारलं असंल त्याच्यात, तुले काय मालूम? आंग जळंल तुह्यं. मी नवा आनतो.”

तिकडून बारीक आवाजात ‘हो बाबा’ आलं. हे फोन धरून उभेच होते. मग विचारलं, “जेवली काय?” मी खाली वाकून विखुरलेला सांबार गोळा करत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर रडले असते.

मग यांचे प्रयोग सुरू झाले. रोपांच्या ट्रेवर पाणी मारायला मिळतो तसला दोन लिटरचा, हातानं हवा भरायचा नवा पंप आणला. मोरीत चड्डीवर उभं राहून, पंपात मोजून पाणी भरून, अंगाला साबण लावून हे स्वतःवर फवारणी करायचे. पहिलं नोझल फारच बारीक, धुकं पडायचं, थंडी वाजायची आणि साबण जागचा हलायचा नाही. दुसऱ्याची धार टोचायची. तिसऱ्याचं भोक यांनी खिळा तापवून मोठं केलं. रोज संध्याकाळी बाप-लेकीत अहवाल चालायचा. आज दोन लिटर लागले. आज पावणेदोन. केस धुवायचे असतील तर आधी काय करायचं? पायाच्या बोटांमधलं मीठ कसं काढायचं? ती एकेक नवी अडचण सांगायची आणि हे दुसऱ्या दिवसभर तिच्यामागं. वावरात पाणी देता देता मध्येच थांबून मला म्हणायचे, मानेमागून सुरुवात केली तर तेच पाणी पाठीला पुरतं. दिवाळी गेली, तुरी पिवळ्या झाल्या, आकडा दीड लिटरवर येऊन टेकला. मी कधीकधी म्हणायचे, आता मलाही बोलू द्या. कोणी लक्ष देत नव्हतं.

संक्रांतीनंतर हे एका सकाळी म्हणाले की नोझल कसं धरायचं ते फोनवर सांगून कळत नाही, उंटावरून शेळ्या किती दिवस हाकायच्या? पंप पिशवीत गुंडाळला, तीन नोझलं कागदात बांधली, तिळगूळ घेतला आणि कोकण गाठायला मालेगावहून वाशिमच्या बसमध्ये बसले. बस हलल्यावर मी मुलीला फोन लावला, बाबा निघाले म्हणून.

ती म्हणाली, “आई, शॉवर दुरुस्त आहे.”

“कधी झाला?”

“दिवाळीच्या आठवड्यातच. सामान आलं, यानं बसवलं. मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तं बाबा काय बोलले असते माह्याशी? आता ते इथं येऊन राह्यले. काय करू?”

मी स्टँडवर उभी होते, भोवती लोकांचा गलका. दोन-अडीच महिने ही पोर गरम पाण्याच्या धारेखाली आंघोळ करून, केस कोरडे करून, संध्याकाळी बापाला विचारत होती की बोटांमधलं मीठ कसं काढू. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, शॉवरच्या त्या पंपाला वायर असेल ना? हो म्हणाली.

“काढून ठेव,” मी म्हटलं.

हे सहा दिवस राहिले. ठरले होते दोन. रोज फोन यायचा. बोट हलते पण झोप लागते. जावई बरा आहे, ऐकून घेतो. वर उभं राहून आंघोळ केली, दीड लिटर लागलं, मागं साऱ्या खाडीचं पाणी चमकत होतं. मुलीच्या नुसत्या हसण्याचाच आवाज मला ऐकू यायचा, आणि मी इकडं एकटी जुड्या बांधताना फोन विटेला टेकवून ठेवायची.

परत आल्यावर यांनी चहा घेतला, गाईच्या अंगावरून हात फिरवला, आणि समुद्र कसा आहे म्हणून विचारलं तर ‘मोठा आहे’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना, मी पलीकडच्या सरीत असताना, हे आपणहून बोलले.

“पोरगी बजारात गेली होती, तं म्हटलं मोरीचा पंप खोलून पाहावं, काय बिघडलं ते. काईच बिघडेल नोता. एक वायर काढून ठेवली होती. जोडली तं धडधड चालू झाला.”

कोणत्या दिवशी, मी विचारलं.

“पयल्याच.”

“मग?”

“मंग काय,” हे म्हणाले आणि टोपली पुढं सरकवली, “ती यायच्या आत काढून ठेवली पुन्हा.”