खालच्या पट्टीतलं गाणं

“ताई, ट्रॅक लावून देऊ. तुमी फक्त ओठ हलवा. कोनाले समजते?”

रिसोडच्या सभागृहात दुपारी आमचा साउंड चेक चालू होता आणि आयोजक गजाननभाऊ मला समजावत होते. संध्याकाळी आमचं संगीत नाटक होतं. ते संपल्यावर टीव्हीवरच्या स्पर्धेत गाजलेलं माझं गाणं मी म्हणावं, असा त्यांचा आग्रह होता. माझं गाव मेडशी. तिथून आई आणि शेजारच्या बायका एसटीने निघालेल्या होत्या.

अडचण गळ्याची होती. स्पर्धेनंतर मी बोलावणं येईल तिथे गात सुटले. लग्नं, गणपती, दुकानांची उद्घाटनं. शेवटी स्वरतंतूंवर गाठी आल्या. ऑपरेशन झालं. कितीतरी दिवस बोलायचीही बंदी होती. आवाज परत आला, पण उतरून आला. गायक आपला ‘सा’ जिथून धरतो, त्याला पट्टी म्हणतात. माझी पट्टी पूर्वी पेटीवरची पांढरी पाच होती, आता पांढरी तीन झाली. म्हणजे जुन्या उंचीवरचे सूर आता लागत नाहीत.

ऑपरेशननंतरचा हा माझा पहिलाच प्रयोग. माझी एकटीची पदं आम्ही खाली घेतली होती. भास्करकाकांबरोबरचं द्वंद्वगीत मात्र जुन्याच पट्टीत ठेवलं होतं. काका साठी ओलांडलेले, कंपनीतले सगळ्यात ज्येष्ठ नट. पट्टी उतरवली की त्यांच्या ओळी फार खाली जायच्या, पुटपुटल्यासारख्या वाटायच्या. मी म्हटलं, निभावून नेईन.

साउंड चेकला नेमका त्याच गाण्यात माझा आवाज फाटला. गजाननभाऊंची ट्रॅकची सूचना त्यानंतरची.

खरं सांगायचं तर मी हो म्हणायच्या बेतात होते.

काका ऑर्गनवाल्याकडे वळले. “पांढरी तीन दे.”

“काका, तुमच्या ओळी ऐकू येणार नाहीत,” मी म्हणाले.

“मग लोक जरा कान देऊन ऐकतील. या वयात तेवढं मागायला हरकत नाही.” मग गजाननभाऊंना म्हणाले, “ट्रॅक नको. पोरगी तिच्या आवाजात गाईल.”

“लोकं नाराज झाले तं?”

“तर माझ्यावर ढकला.”

प्रयोग चांगला गेला. द्वंद्वगीतात काकांच्या ओळींना सभागृह एकदम शांत झालं. त्या ओळींवर त्यांना एरवी हमखास टाळी मिळायची, त्या दिवशी मिळाली नाही. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली आणि मी माझी ओळ उचलली.

पडदा पडल्यावर टीव्हीवरच्या गाण्याची फर्माईश झालीच. मी माइकवर सरळ सांगितलं, “माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. आवाज पहिल्यासारखा नाही. खालून म्हणते.”

मागून एक बाई ओरडली, “म्हन वं माय, कशीबी म्हन!”

मी म्हटलं. जिथे पूर्वी शिट्ट्या पडायच्या तिथे कोणी शिट्टी मारली नाही. दोघंचौघं उठून गेले. बाकीचे शेवटपर्यंत बसले.

आई मेकअप रूममध्ये आली. माझ्या गळ्याला हात लावून बघितला, ताप बघावा तसा.

“आवाज जाडा झाला ना?” मी विचारलं.

“झाला. पन टीवीवर तू वर चढे ना, तवा मले भेव वाटे. वाटे, आता फुटते का मंग फुटते. मी डोये मिटून घेत होती.” तिने माझ्या गळ्यावरचा हात काढला. “आज उघड्या डोयानं आयकलं तुले.”



गजाननभाऊंनी पुढच्या वर्षी बोलावलं नाही. आमच्या कंपनीत ते द्वंद्वगीत मात्र अजून पांढरी तीनमध्येच आहे. यातून मी एवढंच शिकले: आवाज बदलला असेल, तर ते कार्यक्रमाची तारीख ठरवतानाच सांगावं. स्टेजवर सांगायला फार दम लागतो, आणि तो दम गाण्यासाठी लागणार असतो.